दावीदाची वीणा आणि खानदेशातील पेटी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही भुसावळच्या एका परिचित कुटुंबाकडे चहाला थांबलो होतो. घरातील थोरली मुलगी धर्मग्रामाच्या गायनवृंदात गाते. तिने मोबाइलवर आम्हांस एक चित्रफीत दाखवली. परदेशातील एका मठात एक धर्मभगिनी खांद्याशी टेकवलेल्या हार्पच्या तारा दोन्ही हातांनी छेडीत होती आणि तिच्या सुरांवर स्तोत्र गाइले जात होते. मुलीने विचारले, "काका, असा हार्प आपल्याला परवडेल का? आणि घ्यायचाच झाला तर कोणता घ्यावा?" वडील रेल्वेत नोकरीला. ते काहीच बोलले नाहीत. मनातल्या मनात हिशेब मांडीत बसले. आजीने मात्र कोपऱ्यात चादरीखाली झाकून ठेवलेल्या पेटीकडे बोट दाखवले. "आधी तिला कुणीतरी हात लावा, मग नवं आणा," एवढेच ती म्हणाली.

त्या दिवशी आम्हांस मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर जुने वाचन चाळू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न एका घराचा नाही. हौसेने वाजवणाऱ्या बेताच्या ऐपतीच्या माणसाने कोणते वाद्य घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने अनेकदा दिले आहे, आणि प्रत्येक वेळी जवळजवळ तेच दिले आहे. ते उत्तर आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दावीदाच्या हातातले वाद्य

आपल्या मनात हार्प म्हटले की दावीद राजा उभा राहतो. शौल राजाचे मन अस्वस्थ झाले म्हणजे तरुण दावीद वाद्य वाजवी आणि राजाला आराम पडे, ही शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मूळ हिब्रू ग्रंथात त्या वाद्याचे नाव 'किन्नोर' आहे. अभ्यासकांच्या मते किन्नोर म्हणजे आजचा हार्प नव्हे, तर दोन बाहू आणि आडवी दांडी असलेले 'लायर' जातीचे लहान वाद्य. मध्ययुगीन युरोपातील चित्रकारांनी आपल्या अवतीभवती दिसणारा हार्पच दावीदाच्या हाती दिला. मराठी वाचकाला त्या जागी वीणा दिसते. प्रत्येक समाजाने आपल्या ओळखीचे वाद्य दावीदाला दिले. मेंढ्या राखणाऱ्या पोराला हाती घेता येईल इतके ते वाद्य साधे होते, ही गोष्ट मात्र आपण विसरता कामा नये.

भारताचा हरवलेला हार्प

पुष्कळांना आश्चर्य वाटेल, परंतु हार्प भारताला परका नाही. प्राचीन वाङ्मयात 'वीणा' म्हणून ज्याचा उल्लेख येतो, ते वाद्य कित्येक शतके धनुष्याच्या आकाराचा हार्पच होते, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. भरताच्या नाट्यशास्त्रात सात तारांची चित्रा आणि नऊ तारांची विपंची यांचा निर्देश आहे. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांत, इसवी सनापूर्वी कोरलेल्या शिल्पांत, एक स्त्री असा हार्प वाजवताना आणि तिच्याजवळ दुसरी नृत्य करताना दिसते. चौथ्या शतकातील सम्राट समुद्रगुप्ताने तर मांडीवर वीणा घेतलेली आपली आकृती सोन्याच्या नाण्यावर उमटवली. ती वीणाही धनुष्याकृतीच आहे.

पुढे हे वाद्य मागे पडले. दांडीवर बोटे दाबून एकाच तारेतून अनेक स्वर काढता येतात अशा वीणा पुढे आल्या आणि पहिल्या सहस्रकाच्या अखेरीपर्यंत धनुष्याकृती हार्प दरबारांतून व मंदिरांतून नाहीसा झाला. ब्रह्मदेशात तो 'सौंग' या नावाने मानाने टिकला. भारतात सम्राटाच्या नाण्यावरचे हे वाद्य कोठे उरले असेल? १९८०च्या दशकात रॉडरिक नाइट या अमेरिकन अभ्यासकाने मध्य प्रदेशातील परधान समाजाच्या 'बीनबाजा'विषयी लिहिले. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. त्यांचा बीनबाजा म्हणजे पाच तारांचा धनुष्याकृती हार्प. राजवाड्यातून जे गेले ते अरण्यातील झोपडीत राहिले, कारण तेथे वाजवणाऱ्यांना ते आपल्याच परिसरातील लाकडातून बनवता येत होते. बिघडले तर तेच हात दुरुस्त करीत.

हीच गोष्ट आपल्याकडे धुळे आणि नंदुरबारच्या पश्चिमेकडील डोंगरांत पाहावयास मिळते. तेथील आदिवासी बांधवांची पावरी दुधी भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांतून तयार होते. तिचा कारागीर गावातलाच असतो. म्हणून ती पिढ्यान् पिढ्या टिकली.

खटक्यांचा हार्प: आयर्लंड आणि पॅराग्वे

आता मुलीने पाहिलेल्या हार्पकडे वळू. मोठ्या वाद्यवृंदात दिसतो तो पायटे असलेला, सत्तेचाळीस तारांचा हार्प. इ. स. १७२०च्या सुमारास बव्हेरियातील होखब्रुकर यांनी पायट्यांची योजना केली आणि सेबास्तियाँ एरार यांनी १८१० मध्ये ती पूर्णत्वास नेली. तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला आणि राजधानीच्या रंगभूमीवरचा हार्प होय. गरिबाघरच्या हार्पचा मार्ग निराळा होता. आल्प्स पर्वतातील टिरोल प्रांतात सतराव्या शतकापासून हार्पच्या मानेवर हाताने फिरवायचे लहान आकडे बसवू लागले. आजचा खटक्यांचा हार्प त्याच कुळातला.

खटक्याचे काम पेटी वाजवणाऱ्याला चटकन समजेल. हार्पच्या तारा म्हणजे पेटीच्या केवळ पांढऱ्या पट्ट्या. खटका वर केला की त्या तारेची लांबी किंचित कमी होते आणि तिचा स्वर अर्ध्या स्वराने चढतो. म्हणजे काळी पट्टी हाती येते.

आयर्लंडमध्ये हार्प हे राष्ट्राचे चिन्ह. तरीही तेथे तो मरणपंथाला लागला होता. १७९२ मध्ये बेलफास्ट येथे जुन्या हार्पवादकांचा मेळावा भरला, तेव्हा साऱ्या देशातून दहाच आयरिश वादक जमले. त्यांतील बहुतेक वृद्ध होते आणि कित्येक अंध. एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या तरुणाने त्यांच्या चाली लिहून घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. पुढे १८२०च्या सुमारास डब्लिनचे कारागीर जॉन ईगन यांनी हातात मावेल असा, अर्धस्वरांची सोय असलेला लहान हार्प घडवला. त्यानंतर या वाद्याला मोठा आधार मिळाला तो धर्मभगिनींच्या शाळांत. रॅथफार्नम येथील लोरेटो मठातील मदर अट्रॅक्टा कॉफी यांनी १९०३ मध्ये आयरिश हार्पची शिक्षणपुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच रॅथफार्नमच्या मठात १९२८ मध्ये एक तरुणी भारतात येण्यापूर्वी काही आठवडे राहिली होती. तीच पुढे मदर तेरेसा म्हणून जगाला परिचित झाली. पन्नासाच्या दशकात आयरिश हार्पवर गाऊन नाव मिळवलेल्या मेरी ओहारा यादेखील धर्मभगिनींच्याच शाळेत हे वाद्य शिकल्या.

दुसरे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील. टिरोलमध्येच जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू आंतोन सेप १६९१ मध्ये तेथे पोहोचले. ग्वारानी लोकांच्या ख्रिस्ती वसाहतींत त्यांनी संगीत शिकवले आणि वाद्ये घडवण्याच्या कार्यशाळा चालवल्या. तेथे तयार होणाऱ्या वाद्यांत हार्पही होता. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने येशूसंघीयांना आपल्या साम्राज्यातून हद्दपार केले. वसाहती ओस पडल्या. धर्मगुरू गेले, पण हार्प गेला नाही. तेथील सुतारांना तो बनवता येत होता, लाकूड तेथल्याच जंगलातले होते आणि चाली लोकांच्या झाल्या होत्या. आज पॅराग्वे देशाची ओळखच हार्प ही आहे.

वाद्य आणणारा निघून गेल्यावरही ते टिकते कशाने, हे या उदाहरणावरून दिसते. ते गोड वाजते म्हणून नव्हे, स्वस्त मिळते म्हणूनही नव्हे. ते घडवणारा, जुळवणारा आणि दुरुस्त करणारा हात जवळपास असतो म्हणून.

खानदेशात पेटी कशी रुजली

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. आजीच्या घरातील पेटीही एके काळी परदेशी पाहुणीच होती. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये 'हार्मोनियम' या नावाने तिचे हक्क घेतले. मोठा नळ्यांचा ऑर्गन ज्यांना परवडत नाही, अशा लहान चर्चना आणि घरांना ती सोयीची होती. मिशनऱ्यांबरोबर आणि गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर ती भारतात आली. परंतु ती पायाने भाता चालवण्याची, खुर्चीवर बसून वाजवण्याची वस्तू होती. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी तिचे रूप पालटले. त्यांच्या 'द्वारकिन' पेढीने १८८०च्या दशकात भाता मागे बसवलेली, जमिनीवर मांडी घालून एका हाताने वाजवता येईल अशी पेटी काढली. आपल्या बैठकीला आणि आपल्या खिशाला मानवेल असे तिचे रूप झाले, तेव्हा ती आपली झाली.

खानदेशात ती कोणत्या वाटेने आली असेल, हे ओळखणे कठीण नाही. थळ घाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. १८७० मध्ये जबलपूर येथे मुंबई आणि कलकत्ता हे दोन्ही लोहमार्ग जोडले गेले, आणि भुसावळ त्या वाटेवरचे मोठे ठाणे झाले. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे हा फाटा सुरू झाला. एका टोकाला दबँच्या पेट्या उतरवून घेणारे मुंबई बंदर, दुसऱ्या टोकाला घोषांचे कलकत्ते आणि मध्ये भुसावळ! रेल्वेच्या वसाहतीत अँग्लो-इंडियन आणि गोव्याकडील कॅथलिक कुटुंबे राहावयास आली. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी प्रथा होती. ती विद्या या माणसांबरोबर आली. नगर आणि नाशिककडून आलेल्या मराठी कुटुंबांची परंपरा मात्र भजनाची, टाळ-मृदंगाची. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती मराठी भजन-कीर्तनाच्या वळणावर आणली, तिचा संस्कार सर्व पंथांवर झाला. स्वरलिपी वाचणारे आणि कानाने गाणारे, या दोघांनाही एकत्र बसता येईल असे एकच वाद्य होते. ते म्हणजे पेटी.

मराठी रंगभूमीचाही यात वाटा आहे. बालगंधर्वांचे बालपणीचे काही दिवस जळगावात गेले. तेथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी संगीताचे पहिले धडे घेतले. नाटक मंडळ्यांच्या ऑर्गन-पेटीचे सूर गावोगावच्या लोकांच्या कानी पडले आणि पेटी शिकण्याची हौस घरोघर वाढली.

पेटीवर आक्षेपही फार झाले. तिच्यात मींड निघत नाही, तिचे स्वर बांधीव आहेत, असे शास्त्रज्ञ म्हणत, आणि ते खोटे नव्हते. १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बंदी केली. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली आणि नंतरही हळूहळूच सैल झाली. कॅथलिक उपासनेतही वाद्यांविषयी निर्बंध होते. दहावे पायस यांनी १९०३ मध्ये चर्चमध्ये पियानो आणि ढोल-झांजांना मनाई केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये नळ्यांच्या ऑर्गनचा मान राखूनच स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने इतर वाद्यांना दार उघडले. आपल्या भाषेतील मिस्सा आली, तबला-पेटी वेदीजवळ आली. १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि जळगाव-धुळे त्यात आले, तोवर पेटीशिवाय मराठी मिस्सा ही कल्पनाच उरली नव्हती.

पंडितांचा विरोध आणि आकाशवाणीची बंदी सोसूनही पेटी टिकली, कारण सूर घासणारा, भात्याला नवे चामडे लावणारा, पट्ट्या सरळ करणारा माणूस जिल्ह्याच्या गावी भेटत होता. पालिताण्याचे पितळी सूर आणि सागवानी खोके यांची जोड मिळाली की निम्मी पेटी नवी होते.

आज मात्र गायनवृंदांत विजेचे की-बोर्ड आले आहेत. ते हलके, स्वस्त आणि सोयीचे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यांतील पाटी जळाली की दुरुस्तीपेक्षा नवे घेणे बरे, असे दुकानदारच सांगतो. इकडे पेट्या कपाटात गेल्या, कारागिरांकडे काम येईना, त्यांच्या मुलांनी दुसरे धंदे धरले. प्राचीन हार्पचे जे झाले ते पेटीचे होण्यास फार काळ लागणार नाही.

मग मुलीने काय घ्यावे?

या इतिहासाचा उपयोग करून आम्ही त्या कुटुंबाला जे सांगितले, ते असे.

हार्प घेणे हा वेडेपणा नाही. पण पहिला प्रश्न किमतीचा नसून तारेचा आहे. तार तुटली तर दुसरी कोठून येईल? हार्पची प्रत्येक तार निराळ्या जाडीची असते. विकणारा तारांचा तक्ता देत नसेल, तर तो हार्प फुकट मिळाला तरी महाग आहे.

दुसरा प्रश्न तारांच्या संख्येचा. बावीस तारांत तीन सप्तके मिळतात. स्तोत्राची चाल आणि साधी साथ यांना ती पुरेशी आहेत. सव्वीस-सत्तावीस तारांचा हार्प हौशी माणसाला दीर्घकाळ पुरतो. चौतीस-छत्तीस तारांचा मोह प्रथम टाळावा. चांगल्या नावाचा सव्वीस तारांचा साधा हार्प अमेरिकेतच महाग पडतो; वाहतूक आणि जकात निराळी. जाड पुठ्ठ्याचे खोके असलेले हार्पही तेथे मिळतात. त्यांना हसू नये, त्यांचा नाद अपेक्षेपेक्षा बरा असतो.

तिसरा प्रश्न खटक्यांचा. काही स्वस्त हार्पना खटकेच नसतात, काहींना मोजक्या तारांनाच असतात. सर्व तारांना खटके असतील आणि बहुतेक वादक लावतात तसा तो काळी दोनला लावला, तर खटक्यांच्या साहाय्याने आठ पट्ट्या मिळतात. त्या म्हणजे काळी दोन, काळी पाच आणि सातवी सोडून सर्व पांढऱ्या. काळी एक आणि काळी चार त्यांत येत नाहीत! आपल्या गायनवृंदातील कित्येक बायका काळी चारमध्ये गातात. त्यांच्यासाठी काही तारा उतरवून लावाव्या लागतील. शिवाय प्रत्येक खटका वर करून पेटीच्या स्वराशी ताडून पाहावा. बाजारातील काही अतिस्वस्त शिसवी हार्पांत खटका अर्ध्या स्वरापर्यंत पोहोचतच नाही, आणि तारांमधील अंतर कमी-जास्त असल्याने बोटांना चुकीची सवय लागते.

चौथा प्रश्न आपल्या हवेचा. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिसावर जातो आणि जुलैत भिंती ओल धरतात. तारांचा ताण नादपट्टीला सतत वर ओढत असतो. तिला थोडा फुगवटा येणे स्वाभाविक आहे. पण मान पिळवटलेली असेल किंवा सांध्यात भेग असेल, तर तो हार्प घेऊ नये. पत्र्याच्या छताखाली किंवा कूलरसमोर तर कधीच ठेवू नये.

आणि शेवटचा प्रश्न. हार्प लावावयास रोज कान लागतो. तो कान आधी तयार झाला आहे काय? नसेल तर त्याआधी स्वरमंडळ घ्यावे, असे आमचे मत पडले. तेही उघड्या तारांचे वाद्य. तारा रोज लावण्याची शिस्त तेच लावते. मिरजेत ज्या शिकलगारांच्या घराण्यांनी शस्त्रे घडवण्याचे सोडून सतार-तंबोरे घडवण्यास प्रारंभ केला, त्यांच्या गावी हे वाद्यही बनते. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तार तुटली तर मिरज एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

मुलीने सारे वहीत लिहून घेतले. थोडी हिरमुसली, हे खोटे कशाला सांगावे? पण पुढच्या रविवारी आम्ही गेलो, तेव्हा पेटी कोपऱ्यात नव्हती. वडिलांनी ती दुरुस्तीला दिली होती. भात्याला दोन ठिकाणी भोके, तीन सूर मुके आणि एका पट्टीखाली उंदराने नेलेले बनातीचे तुकडे, एवढाच आजार निघाला. स्वरमंडळासाठी घरात एक डबा ठेवला आहे, त्यात आजीनेही पैसे टाकले आहेत. हार्पचे पुढे पाहू, असे ठरले.

वाचकहो, आपल्याही चर्चच्या कपाटात, नाहीतर घराच्या माळ्यावर, अशी एखादी पेटी असेल. नाताळच्या आधी ती खाली उतरवा आणि आपल्या गावातील कारागिराकडे न्या. तो अजून आहे तोवर न्या.